न चाखलेलं पान

चूक छापली गेली तेव्हा मी चौतीस वर्षांचा होतो. ती चूक आहे हे मला कळलं तेव्हा एकेचाळीस. आता मला ऐंशीवं लागलं आहे. मधली अडतीस वर्षं मी गप्प बसलो.

दुरुस्ती आता छापून आली आहे, इंग्रजीत, चार ओळींची. माझ्या पुस्तकातली अमुक आकृती अमुक झुडपाची नसून तमुक झुडपाची आहे, हे झुडूप विषारी आहे, आणि मूळ चूक संग्राहकाची आहे. संग्राहक म्हणजे मी. त्या चार ओळींत कारण नाही. ते कारण इंग्रजीत लिहिता येत नाही असं नाही. पण लिहिलं तर इथला, नेदरलँड्समधला वाचक त्याला माझ्या संस्कृतीतली एक चालरीत समजेल, मान हलवेल आणि मला समजून घेईल. मला समजून घेतलेलं नको आहे. मराठी वाचकाला मी काय केलं ते एका वाक्यात कळेल आणि त्याला माझी शिसारी येईल. तीच योग्य आहे, म्हणून हे मराठीत लिहितो आहे.

मी वनस्पतिशास्त्रज्ञ. पुण्यात शिकलो, पुढच्या अभ्यासासाठी नेदरलँड्सला आलो आणि इथेच राहिलो. वाळवलेल्या वनस्पतींचे कागद तपासणं, त्यांना नावं लावणं, कपाटात रचणं हे माझं आयुष्यभराचं काम. एकतिसाव्या वर्षी माझ्या प्राध्यापकांनी मला एका उन्हाळ्यापुरतं अलास्काच्या आतल्या भागात पाठवलं, नदीकाठच्या एका लहान गावात. तिथले लोक अथाबास्कन कुळातली एक भाषा बोलतात. ती बोलणारे तेव्हाही फार नव्हते. झाड गोळा करायचं, दाबून वाळवायचं, त्याचं त्यांच्या भाषेतलं नाव लिहायचं आणि ते कशाला वापरतात ते लिहायचं, एवढं काम. वहीत मी चार रकाने आखले होते, आणि नावांचा उच्चार टेपवरही घेत होतो.

नावं सांगणारी एक म्हातारी होती. सत्तरीच्या पुढची, डोळ्यांनी अधू. तिला झाडं हातांनी आणि जिभेने ओळखू येत. तिची मुलगी बरोबर असायची. म्हातारीचं बोलणं ती मला इंग्रजीत सांगायची. त्या भाषेतली कितीतरी नावं म्हणजे त्या झाडाची हकिकतच असते: कोणतं जनावर ते खातं, ते कुठे उगवतं, कोणत्या दुखण्याला लागतं. एका फळाच्या नावात अस्वल होतं, एका मुळाच्या नावात उंदीर. ती नावं मी इथे लिहीत नाही. आता ती लिहिण्याआधी त्या लोकांना विचारायचं असं ठरलं आहे, आणि मी विचारलेलं नाही.

म्हातारीची शिकवण्याची एक पद्धत होती. आधी ती स्वतः त्या पानाचा, मुळाचा नाहीतर काडीचा तुकडा तोडून चावायची. मग उरलेला तुकडा समोरच्याला द्यायची. समोरच्याने तो चावायचा. मगच ती नाव उच्चारायची. नाव चवीच्या आधी येत नसे. मुलांना तसंच शिकवतात, तिलाही तसंच शिकवलं होतं. आधी आपण खाऊन दाखवायचं, म्हणजे देणाऱ्याने विष दिलं नाही हे घेणाऱ्याला दिसतं, असं तिच्या मुलीने मला पहिल्याच दिवशी नीट समजावून सांगितलं.

आणि मी उष्टं खात नव्हतो.

आमच्या घरी भांड्याला ओठ लावून पाणी प्यायलेलं चालत नसे. वरून धार धरायची. सख्ख्या भावाच्या वाटीतलं उचललं तर आई वाटी आणि आम्हाला, दोघांनाही धुवायला पाठवायची. इथे आल्यावर मी अंडी खाल्ली, मासे खाल्ले, बिअर प्यायलो, जानवं एका ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि परत काढलं नाही. आपण सगळं मागे टाकलं असं मला वाटायचं आणि ते चारचौघांत बोलूनही दाखवायचो. पण ते गेलं नव्हतं. म्हातारीचे झिजलेले तपकिरी दात, हनुवटीला लागलेली चरबी, बोटांच्या पेरांतली माती आणि त्या बोटांत तिच्या थुंकीने ओलं झालेलं मूळ. ते माझ्यापुढे आलं की पोटातून उमासा यायचा. त्यांच्याकडे चहाचा एकच पत्र्याचा मग सगळ्यांत फिरायचा. पहिल्या दिवशी मी तो वर धरून धार तोंडात सोडायला गेलो आणि उकळता चहा गळ्यावर सांडला. सगळे पोट धरधरून हसले. म्हातारी सगळ्यात जास्त हसली आणि तिने माझ्या गळ्याला थंड शेवाळ लावलं. तेही मी ती वळल्यावर काढून टाकलं.

मग मी युक्ती काढली. ती तुकडा द्यायची, तो मी उजव्या हाताने घ्यायचो, तोंडाशी न्यायचो, खोकल्यासारखं करून रुमालात टाकायचो आणि म्हणायचो, "व्हेरी गुड." ती नाव सांगायची. मी लिहायचो. पूर्ण उन्हाळा असा गेला. उंदराने हिवाळ्यासाठी शेवाळाखाली साठवलेली मुळं ती अर्धीच काढायची आणि त्या जागी सुका मासा ठेवायची, उंदराची उपासमार होऊ नये म्हणून. वहीत मी तिच्या त्या वागण्याचं कौतुक लिहिलं आहे. दोन पानं लिहिली आहेत. त्या मुळाची चव "गोडसर" अशी लिहिली आहे. ती मला कुठून कळली, हे कोणी विचारलं नाही.

चूक झाली ती दलदलीत. त्यांचा चहा एका बुटक्या झुडपाच्या पानांचा. पानं अरुंद, कडा खाली वळलेल्या. पान उलटलं तर मागे गंजाच्या रंगाची लोकर दिसते आणि चुरगाळलं तर डोकं भरून टाकणारा वास येतो. त्याच दलदलीत, त्याच्या मुळांत मुळं घालून, दुसरं एक झुडूप उगवतं. पानं तशीच अरुंद, कडा तशाच वळलेल्या. पण पाठ पांढरी आणि गुळगुळीत, आणि वास जवळजवळ नाहीच. या दुसऱ्याचा काढा पोटात गेला तर उलट्या होतात, नाडी मंद होते, माणूस उभ्या उभ्या कोसळू शकतो. लहान मूल असेल तर आणखी वाईट.

म्हातारीने चहाची काडी तोडली, टोक चावलं आणि उरलेली काडी, तीन-चार पानांची, माझ्या हातात दिली. नेहमीचं नाटक झालं. तिने नाव सांगितलं. ती काडीच मी कागदात दाबायला हवी होती. ती ओली होती. ती माझ्या स्वच्छ कागदावर, माझ्या बोटांनी ठेवायची कल्पना मला सहन झाली नाही. म्हातारी पुढे गेल्यावर मी ती काडी पाण्यात टाकली, बोटं पँटला पुसली आणि शेजारच्या झुडपाची एक नवी, कोरडी, कुणाचं तोंड न लागलेली फांदी तोडून दाबली.

पान उलटून बघितलं नाही. डास होते, संध्याकाळ होत होती, आणि ते झुडूप सगळ्या अभ्यासकांना माहीत असलेलं. त्यात तपासायचं काय, असं वाटलं. परत आल्यावरही तपासलं नाही. चित्रकाराने त्या फांदीवरून चित्र काढलं. फार सुंदर काढलं. त्या उन्हाळ्याच्या कामाचं माझं पुस्तक आलं, त्यावर मला डॉक्टरेट मिळाली. म्हातारीचं नाव प्रस्तावनेतल्या आभारांत एकदा आहे, तिच्या मुलीचं नाही.

सात वर्षांनी दुसऱ्या एका संग्रहालयाने त्या फांदीचा कागद अभ्यासासाठी मागितला. पाठवण्यापूर्वी मी तो सहज भिंगाखाली धरला. एक पान वाळताना उलटं झालं होतं. पाठ पांढरी होती.

त्याच महिन्यात माझ्या कायम नेमणुकीचा निर्णय व्हायचा होता. माझी मुलगी वर्षाची होती. हे मी सबब म्हणून सांगत नाही, त्या वेळी मनात काय आलं ते सांगतो. मनात म्हातारी आली नाही, तिच्या गावातली मुलंही आली नाहीत. मी तो कागद कोटाच्या आत घालून घरी आणला आणि दुसऱ्या दिवशी नोंदवहीत त्याच्यापुढे "गहाळ" असं लिहिलं. माझ्याच अक्षरात. पुस्तकाच्या प्रती तोवर तिकडच्या शाळांत गेल्या होत्या. मी स्वतःला सांगितलं की त्या लोकांना त्यांचं झाड माहीत आहे, माझं चित्र बघून चहा कोण करणार. हे वाक्य मी अडतीस वर्षं वापरलं.

महामारी आली तेव्हा मी हार्लेममधल्या फ्लॅटमध्ये एकटा होतो. पत्नी त्याच्या तीन वर्षं आधी गेली होती. मुलगी आर्नहेमला नोकरी करते. ती दर शनिवारी गाडीने यायची, खोका दाराशी ठेवायची आणि जिन्याच्या चार पायऱ्या उतरून तिथून हात हलवायची. सुपरमार्केटमध्ये ट्रॉलीचा दांडा पुसून हातात द्यायचे. रस्त्यात कुणी समोरून आलं की तोंड फिरवून दीड मीटर लांबून जायचं. कालव्याच्या काठाला वापरलेले मास्क चिखलात पडलेले असत आणि बदकं त्यांना चोच लावायची. इथल्या मराठी मंडळाचा गणपती पडद्यावर झाला, प्रसाद ज्याचा त्याने आपापल्या घरी खाल्ला.

लोक कंटाळले, रडकुंडीला आले. मी सुखात होतो. एकमेकांचं खायचं नाही, पेल्याला तोंड लावायचं नाही, बाहेरून आलेली वस्तू आधी धुवायची: सगळं जग माझ्या आईच्या स्वयंपाकघरासारखं झालं होतं आणि मला त्यात घरच्यासारखं वाटत होतं. माणसं मरत होती आणि मला घरच्यासारखं वाटत होतं. ही गोष्ट लक्षात आली त्या दिवशी मला पहिल्यांदा स्वतःचा वास आल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या हिवाळ्यात अलास्काहून ईमेल आली. लिहिणारी बाई त्या म्हातारीची नात. ती शाळेत त्यांची भाषा शिकवते. त्या वर्षात गावातली भाषा जाणणारी काही म्हातारी माणसं गेली होती. शाळा बंद होती, मुलं घरच्यांबरोबर नदीकाठी, रानात होती. त्यांच्यासाठी ती झाडांची कार्डं छापणार होती: एका बाजूला चित्र, दुसऱ्या बाजूला नाव आणि उपयोग, म्हणजे मुलं कार्ड घेऊन जातील आणि झाड शोधून आणतील. कार्डं शहरात राहायला गेलेल्या त्यांच्या मुलांनाही पाठवायची होती. माझ्या पुस्तकातली चित्रं वापरू का, असं तिने विचारलं होतं. आजीच्या आवाजाच्या टेप माझ्याकडे आहेत का, तेही. आणि लिहिलं होतं की चहाचं चित्र सगळ्यांत छान आहे, ते पहिलं कार्ड असेल.

तो कागद ज्यात ठेवला होता ती कपाटावरची बॅग मी खाली काढली. कागद उघडला. फांदी किड्यांनी खाल्ली होती. देठाचा सांगाडा, दोन-तीन पानांची जाळी आणि बाकी सगळा तपकिरी भुगा, म्हणजे किड्यांची विष्ठा. कुबट वास आला. तो भुगा माझ्या मांडीवर सांडला. मी तीनदा हात धुतले, मग पँट धुवायला टाकली, मग बसून उत्तर लिहिलं.

उत्तरात मी असं लिहिलं: सदर आकृतीच्या ओळखीबाबत नंतरच्या काळात काही शंका उपस्थित झाल्या असल्याने तिचा वापर करताना तज्ज्ञांचा सल्ला घेणे इष्ट ठरेल. आयुष्यभर अशीच वाक्यं लिहिली. त्यात माणूस कुठेच नसतो. वाचून पाहिलं तेव्हा मला ते चांगलं उतरल्याचं समाधानही वाटलं. दोन दिवसांनी तिचं उत्तर आलं. आभार, तुमचं वाक्य कार्डाच्या तळाशी बारीक अक्षरांत घालते, कार्डं पुढच्या गुरुवारी छापायला जातील.

मी मुलीला फोन केला. ती मराठी समजते पण उत्तर डच भाषेत देते. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली की योग्य झुडपाचं नवं चित्र पाठवून द्यावं, सुधारित आवृत्ती म्हणावं, विषय संपला. ऐंशीच्या घरात आहात, कारणं कशाला सांगत बसायची. मला नेमकं हेच ऐकायचं होतं. मग तिने सहज विचारलं की पण ती फांदी तुम्ही टाकलीत कशाला? मी सांगितलं. मग ती मराठीत, तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली,

"बाबा, मी लहान असताना तुमच्या ताटातून काही घेतलं की तुम्ही उठायचे. पोट भरलं म्हणायचे. ते हेच होतं?"

"हो," मी म्हणालो.

"मला वाटायचं, मी काहीतरी चुकीचं केलं."

त्यानंतर नवं चित्र पाठवून विषय संपवण्याबद्दल ती काही बोलली नाही. म्हातारीच्या नातीशी व्हिडिओ कॉलची वेळ मात्र तिनेच ठरवून दिली.

इथे संध्याकाळचे सात, तिथे सकाळ. पडद्यावर पन्नाशीची बाई होती, मागे खिडकी आणि बर्फ. ती आजीसारखी दिसत होती की नाही ते मला सांगता येणार नाही, कारण आजीच्या चेहऱ्याकडे मी कधी नीट पाहिलंच नव्हतं. तोंडाकडेच पाहिलं होतं. मी नमस्कार-चमत्कारात वेळ घालवला नाही. घालवला असता तर गळाठलो असतो.

"ते चित्र चहाचं नाही," मी म्हणालो. "ते विषारी झुडूप आहे. मुलांच्या हातात देऊ नका. मला हे अडतीस वर्षांपासून माहीत आहे."

फोन उचलून तिने छापखान्याला निरोप लिहिला. तेवढा वेळ मला फक्त तिच्या केसांतला भांग दिसत होता. मग तिने मान वर केली आणि कसं झालं ते विचारलं. मी ओली काडी, पाणी, कोरडी फांदी, सगळं सांगितलं. रुमालाचंही सांगितलं.

"रुमालाचं आम्हाला माहीत आहे," ती म्हणाली. "आजी सांगायची, एक माणूस आला होता, त्याचं पोट खिशात होतं. आम्ही लहानपणी त्याची नक्कल करायचो."

मी विचारलं की मग तिने मला पुढे शिकवलं कशाला.

"शिकवलं नाही. तुम्ही पाहुणे होतात, म्हणून नावं दिली. उपयोग तिने निम्म्याहून जास्त ठेवून घेतले. न चाखणाऱ्याला सांगायचे नसतात." मग तिने विचारलं, "तुम्हाला किळस कशाची आली? पानांची?"

इथे मला पुन्हा ते माणूस नसलेलं वाक्य सुचलं होतं. बालपणीचे संस्कार, स्वच्छतेच्या कल्पना वगैरे. जिभेवर आलं होतं.

"नाही," मी म्हणालो. "तुमच्या आजीच्या तोंडाची."

मग तिने एक गोष्ट सांगितली. काही वर्षांपूर्वी शहरातल्या शाळेच्या शिबिरात एका मुलीने स्वतः पानं आणून चहा केला होता आणि तिला दवाखान्यात न्यावं लागलं. ती वाचली. चहा फार कडक झाला असेल, असं सगळे म्हणाले. त्या शाळेत माझं पुस्तक होतं. त्या मुलीने ते पाहिलं होतं का, हे कोणालाच माहीत नाही, आणि आता कळायचा मार्ग नाही. ती मला दोष देत नव्हती. तिने फक्त सांगितलं. मग म्हणाली, "माझी आई, जी तुमच्यासाठी बोलायची, ती अजून आहे. तिला मी हे सांगणार. तुम्ही तिच्याशी बोलायचा प्रयत्न करू नका." टेप हव्यात, तो कागद हवा, दुरुस्ती माझ्या नावाने छापलेली हवी, आणि पुस्तकाच्या प्रती कुठे कुठे गेल्या ते मी शोधून काढायचं. एवढं बोलून तिने कॉल बंद केला.

टेप पाठवण्याआधी मी एक ऐकली. एकच ऐकवली. आधी म्हातारी काहीतरी चावते त्याचा बारीक कचकच आवाज. मग थोडा वेळ काही नाही. मग कापडाची सळसळ आणि माझा तरुण, आनंदी आवाज: "व्हेरी गुड." मग ती नाव सांगते. पुन्हा चावणं, सळसळ, व्हेरी गुड. नाव सांगण्याआधी ती दरवेळी किंचित थांबते. तेव्हा ते थांबणं मला म्हातारपणाचं वाटलं होतं. माझ्या चावण्याचा आवाज येतो का, ते ती ऐकत होती.

माझ्या जुन्या संस्थेच्या नियतकालिकाच्या तरुण संपादिकेने चार ओळी छापल्या. "गहाळ" ही नोंद खोटी होती हेही लिहा, असं मी म्हणालो. ते वाचकांच्या कामाचं नाही असं तिचं म्हणणं पडलं. म्हणून ते इथे लिहिलं आहे.

प्रती शोधायला जवळजवळ वर्ष गेलं. जुनी पत्रं, पाठवणीच्या पावत्या, मग फोन. बहुतेक ग्रंथालयं बंद, कर्मचारी घरी. एका शाळेतल्या बाईंनी माझ्यासाठी मुद्दाम जाऊन कपाट उघडलं आणि त्या पानाचा फोटो पाठवला. चित्र कुण्या मुलाने रंगवलं होतं, पानं हिरवी, काळजीपूर्वक, रेषेबाहेर न जाता. मी त्यांना ते पान फाडून टाकायला सांगितलं. नातीला हे कळवलं तेव्हा तिचं एका ओळीत उत्तर आलं: फाडू नका, त्यावर आडवं लिहा की हे विष आहे, आणि कुणी फसवलं त्याचं नाव खाली लिहा. आता प्रत सापडली की मी तसंच लिहून घेतो. नाव मी स्वतः एकेक अक्षर सांगतो, कारण तिकडच्या लोकांना ते लिहायला अवघड जातं.

दोन प्रती सापडलेल्या नाहीत.